पोलादाचें पाणी

या सदरांतून आजवर यंत्रांच्या ज्या हकीगती सांगितल्या त्या बहुतेक परक्यांच्या कारखान्यांतल्या होत्या. आजची हकीगत आमच्या घरची आहे, आणि तिच्यांत आमचें राहतें घर गहाण पडण्याचा प्रश्न गुंतलेला होता. म्हणून ती लिहितांना थोडा संकोच वाटतो. परंतु ज्या विषयावर आमच्या माजघरांत ओळीनें तीन रविवार खल झाला, तो विषय, ज्यांच्या घरांतील एखादा मुलगा यंत्रांच्या धंद्यांत पडला आहे अशा पुष्कळ कुटुंबांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून तो संकोच बाजूस ठेविला आहे.

माझ्या वडील बंधूंचा मुलगा पुण्याजवळ भोसरीस एक लहानसा कारखाना चालवितो. शेतीच्या यंत्रांना व लहान मालमोटारींना लागणारे पोलादी शाफ्ट, पिना आणि गिअर तेथें तयार होतात. पोलादाची कांब येते, ती कापतात, लेथवर तिला आकार देतात, भोंकें पाडतात. मग तो माल कठीण करण्याकरितां, कारखान्याच्या भाषेंत हार्डनिंगला, दुसऱ्या एका भट्टीवाल्याकडे जातो. तेथून परत आला कीं ग्राइंडिंगच्या यंत्रावर अखेरचा हात फिरतो आणि माल गिऱ्हाइकाकडे रवाना होतो. सगळीं कामें एका छपराखालीं. हें एकच तेवढें परक्या घरीं. माल टेंपोंत भरून जातो आणि टेंपोंत भरून येतो. जाण्यायेण्यांत आणि पाळी लागण्यांत चार-पांच दिवस सहज मोडतात.

दोन वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यांत असें झालें कीं, सहाशें पिना एका बुधवारीं रात्रीं भट्टींतून काढून तेलांत बुडविल्या गेल्या. त्यानंतर लागलीच त्या मंद आंचेवर पुन्हां तापवावयास हव्या होत्या. परंतु त्या रात्रीं वीज गेली. दुसरा दिवस गुरुवार, म्हणजे तेथील वसाहतीच्या साप्ताहिक सुटीचा. आणि पिना शुक्रवारपर्यंत टोपल्यांत तशाच पडून राहिल्या. पुढें त्यांचें ग्राइंडिंग झालें, माल गेला, आणि पंधरा दिवसांनीं गिऱ्हाइकाच्या तपासणींत कांहीं पिनांच्या अंगावर केसाएवढ्या चिरा सांपडल्या. किती पिना चिरल्या आहेत याहून कोणत्या चिरल्या आहेत हा प्रश्न बिकट होता, कारण तोंवर त्या पिना मागच्या-पुढच्या खेपांच्या मालांत मिसळून गेल्या होत्या. गिऱ्हाइकानें शंकेचा माल ठेवून घेण्याचें नाकारलें. सहाशें पिनांपायीं तीन खेपांचा माल परत आला.

त्या दिवसापासून पुतण्यानें मनाशीं गांठ मारली कीं, भट्टी आपल्याच यंत्रांच्या रांगेंत बसवावयाची. त्यानें एका मोठ्या भट्टीचें दरपत्रक आणविलें, बँकेशीं बोलणें केलें आणि तारण म्हणून घराचा विषय काढला. दिवाळीच्या आधींचा तो रविवार होता. स्वयंपाकघरांत वहिनींचें चकल्यांचें काम चाललें होतें आणि माजघरांत बापलेकांचें.

"काका, तुम्हीच बाबांना समजावून सांगा," तो मला म्हणाला. "आग आपल्या हातांत नाहीं तोंवर धंदा आपल्या हातांत नाहीं."

"आग हातांत घेण्यास माझी हरकत नाहीं," दादा शांतपणें म्हणाले. "पण त्याकरितां घर आगींत घालावयाचें आहे कीं काय, एवढेंच मला सांग."

मीं नोकरीचीं बहुतेक वर्षें धातुविद्या शिकविण्यांत घालविलीं असल्यामुळें दोघांचीही नजर माझ्याकडे वळली. परंतु मी कांहीं बोलणार तोंच आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "तुमचें भांडण मागाहून. आधीं पोलादाला पाणी देतात म्हणजे काय करतात, तें मला समजावून सांगा. घराच्या कागदावर माझीही सही लागते."

आत्याबाईंचें म्हणणें अगदीं न्यायाचें होतें. मीं त्यांना कोंकणांतल्या आमच्या गांवच्या लोहाराची आठवण दिली. पहारेचें टोंक बोथट झालें कीं तो तें भात्यापुढें लाल करी, ठोकून नीट करी, पुन्हां तापवी आणि टोंकाचा चार बोटें भाग तेवढा पाण्यांत बुडवी. मग पहार बाहेर काढून, टोंक विटेवर घासून चकचकीत करून, त्याच्याकडे टक लावून बसे. वरच्या न बुडविलेल्या भागांतली उष्णता हळूहळू टोंकाकडे उतरूं लागे आणि त्या चकचकीत पोलादावर रंग चढत जात: प्रथम वाळल्या गवतासारखा पिंवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. मनाजोगता रंग टोंकाशीं येऊन ठेपला कीं तो पहार सबंध पाण्यांत टाकी. लहानपणीं आम्हांला तो रंगांचा खेळ वाटे. वास्तविक त्या दहा मिनिटांत त्या माणसानें पोलाद कठीण करून पुन्हां त्याला माणसांत आणलेलें असे.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कर्ब, म्हणजे कोळशांतला मुख्य पदार्थ. शाफ्टच्या पोलादांत तो शेंकडा सुमारें ०.४ इतकाच असतो. पोलाद सुमारें ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापूं लागलें म्हणजे त्याच्या आंतील कणांची मांडणी बदलते आणि कर्ब तिच्यांत, पाण्यांत साखर विरघळावी तसा, विरघळूं लागतो. सावकाश निवूं दिलें तर कर्ब वेगळा होतो आणि पोलाद पहिल्यासारखें मऊ होतें. परंतु एकदम निवविलें तर कर्बाला वेगळें होण्यास अवसरच मिळत नाहीं. तो आंत कोंडला जातो, आणि या कोंडमाऱ्यामुळें पोलाद अतिशय कठीण होतें. या स्थितीला जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नांवावरून मार्टेन्साइट असें म्हणतात. मात्र तें जितकें कठीण तितकेंच ठिसूळ असतें आणि त्याच्या अंगांत मोठा ताण भरलेला असतो. तो ताण उतरविण्यासाठीं पोलाद पुन्हां बेतानें तापवावें लागतें. त्याला टेंपरिंग म्हणतात. लोहाराचा पिंवळा रंग म्हणजे सुमारें २२० अंश आणि निळा म्हणजे सुमारें ३०० अंश. हें दुसरें तापविणें लांबणीवर पडलें, तर कोंडलेला ताण आपली वाट आपणच काढतो. आणि कांहीं तासांनीं, कोणाचा हात लागला नसतांही, पोलादाला चीर जाऊं शकते. त्या बुधवारच्या पिनांचें असेंच झालें होतें.

"मग लोहाराच्या पहारेला कधीं चीर जात नसे, ती यामुळेंच," आत्याबाई म्हणाल्या. "तो एक एक वस्तु घेई आणि पुरी करूनच खालीं ठेवी."

आत्याबाईंनीं सगळ्या विषयाच्या मुळावर बोट ठेवलें होतें. लोहाराच्या दुकानांत आग, ऐरण आणि पाणी हातभर अंतरावर असत. पुढें कारखाने आले. एकावेळीं शेंकडों नग तापवावयाचे म्हणून भट्ट्या मोठ्या झाल्या. त्यांचा धूर, तेलाच्या हौदाच्या वाफा, आगीची भीति, यांमुळें त्यांना यंत्रांपासून दूर, वेगळ्या इमारतींत नेऊन बसविलें गेलें. अशा भट्टीचें काम घाण्या-घाण्यानें चालतें. कढई मोठी असली आणि तेल तापावयास वेळ लागत असला कीं दोन चकल्यांसाठीं ती कोणी चढवीत नाहीं. घाणा भरण्यापुरत्या सांठवाव्या लागतात. उलट लेथ आणि ड्रिल हीं पोळपाट-तव्यासारखीं एक एक नग करून पुढें देतात. एका रांगेंत पोळीची रीत आणि घाण्याची रीत एकत्र आली म्हणजे घाण्याच्या अलीकडे मालाचा ढीग सांचतो, पलीकडे यंत्रें खोळंबतात, आणि दोन घाण्यांच्या मध्यें कोठेंतरी बुधवारची रात्र येते.

ही अडचण कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंत डेट्रॉइटजवळ हायलंड पार्क येथें हेन्री फोर्ड यांचा कारखाना १९१० सालीं सुरू झाला. सरकत्या रांगेवर मोटारी जोडण्याची पद्धति तेथें १९१३ सालीं निघाली, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु त्याच काळांत तेथील यंत्रज्ञांनीं जी दुसरी गोष्ट केली ती तितकीशी प्रसिद्ध नाहीं. सगळे लेथ एकीकडे आणि सगळीं ड्रिलें दुसरीकडे, अशी जातवार मांडणी मोडून त्यांनीं यंत्रें कामाच्या क्रमानें लावलीं. आणि त्या क्रमांत पोलादाला कर्ब चढविण्याची पाळी जेथें येई तेथें यंत्रांच्या रांगेंतच भट्टीही बसविली.

परंतु भट्टी जवळ आणली म्हणजे काम संपलें, असें तेथेंही झालें नाहीं. फोर्ड यांच्या १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तांत एक हकीगत आहे. कठीण करतांना शाफ्ट वांकत, आणि ते सरळ करण्याच्या कामीं १९१८ सालीं ३७ माणसें खपत होतीं. तेथील कांहीं माणसांनीं सुमारें एक वर्ष प्रयोग करून, शाफ्ट वांकूंच शकणार नाहींत अशी एक भट्टी तयार केली. १९२१ सालीं उत्पादन पुष्कळ वाढलें असूनही त्या कामाला अवघीं ८ माणसें पुरलीं. पोलाद कठीण होतांना फुगतें आणि आकार बदलतें, हा त्याचा धर्मच आहे. भट्टींतून निघालेला नग पुढल्या यंत्राला जसा हवा तसा निघेल, ही काळजी भट्टीपाशींच घ्यावी लागते.

ही हकीगत सांगून मीं पुतण्याला विचारलें, "तूं जी भट्टी घेणार आहेस, तिच्यांत एका नगाला एकंदर किती वेळ लागतो?"

"गिअरला सहा तास, काका. तापणें, कर्ब मुरणें, तेलांत बुडविणें, धुणें आणि टेंपरिंग, सगळें धरून."

"आणि तुझ्या रांगेंतून एक नग किती वेळानें बाहेर पडतो?"

"दर दीड मिनिटाला एक."

मीं त्याला कागद पुढें केला. सहा तास म्हणजे ३६० मिनिटें. त्यांस दीडनें भागलें तर २४० येतात. म्हणजे भट्टी रांगेंत बसविली आणि ती अखंड चालली, तरी कोणत्याही क्षणीं २४० गिअर तिच्या पोटांत असणारच. पहिला गिअर बाहेर येऊन तपासणींत वाईट ठरला, तर त्याच्या मागें २४० गिअर त्याच वाटेनें येत आहेत असें समजावें. टेंपोची फेरी वांचली. परंतु ज्या दोषामुळें तीन खेपांचा माल परत आला, तो दोष आतां आपल्याच घरांत, आपल्याच कर्जावर नांदूं लागला. भट्टी किती हात अंतरावर आहे यापेक्षां तिच्या पोटांत किती नग आहेत, हें आधीं पाहावें. भट्टीची वेळ रांगेच्या वेळेशीं जुळत नाहीं तोंवर ती रांगेंत बसूनही परकीच राहते.

पुतण्या जरा नाराज झाला. "मग वेळ कमी करावा," तो म्हणाला.

येथें निसर्गाचा एक नियम आडवा येतो. गिअरचें पोलाद मुद्दाम कमी कर्बाचें घेतात, म्हणजे त्याचा गाभा चिवट राहतो. आणि मग सुमारें ९२५ अंशांवर त्याच्या पृष्ठभागांत बाहेरून कर्ब मुरवितात. लोणच्याच्या फोडींत मीठ मुरतें तसाच हा प्रकार आहे, आणि मुरण्याला घाई चालत नाहीं. या उष्णतेवर एका तासांत कर्ब सुमारें ०.६ मिलिमीटर आंत जातो. चार तासांत सुमारें १.२५, आणि सोळा तासांत सुमारें २.५. म्हणजे दुप्पट खोलीसाठीं चौपट वेळ लागतो. आंच वाढविली तर वेळ कांहींसा वांचतो, परंतु पोलादाचे कण जाड होऊं लागतात आणि त्याचा चिवटपणा कमी होतो. अलीकडे मोटारींच्या मोठ्या कारखान्यांत निर्वात भट्टींत ॲसिटिलीन वायूनें कर्ब देऊन तेलाऐवजीं दाबलेल्या वायूच्या झोतानें गिअर निवविण्याची रीत आहे. तींत धूर नाहीं, तेल नाहीं, आणि भट्टी खरोखरच यंत्रांच्या शेजारीं बसूं शकते. परंतु मुरण्याचा नियम तेथेंही तोच. आणि त्या भट्टीचा खर्च आमच्यासारख्यांचें घर गहाण ठेवूनही भागला नसता.

सुदैवानें त्याच्या कारखान्यांतील सगळा माल गिअरच्या जातीचा नव्हता. पिना आणि शाफ्ट यांचें पोलाद मुळांतच ०.४ टक्के कर्बाचें. त्यांत बाहेरून कांहीं मुरवावयाचें नसतें. त्यांना हवा असतो फक्त झीज सोसणारा कठीण पृष्ठभाग. त्यासाठीं दुसरा मार्ग आहे, आणि त्याचें बीज १८३१ सालीं मायकेल फॅरडे यांनीं लावलेल्या शोधांत आहे. तांब्याच्या नळीचें वेटोळें करून त्यांतून दिशा झपाट्यानें बदलणारा विजेचा प्रवाह सोडला, तर वेटोळ्याच्या मध्यें धरलेल्या पोलादांत, स्पर्श न होतां, प्रवाह उत्पन्न होतो आणि पोलाद आपल्या आपण तापतें. प्रवाहाचीं आंदोलनें जितकीं जलद तितका तो पृष्ठभागालगत राहतो. सेकंदाला दहा हजार आंदोलनें असलीं तर कांहीं मिलिमीटर खोलीपर्यंत, आणि कांहीं लाख असलीं तर मिलिमीटरभरच पोलाद तापून लाल होतें. आंतला गाभा थंडच राहतो. लागलीच पाण्याचा फवारा सोडला कीं वरचा थर कठीण झाला. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथील ओहायो क्रँकशाफ्ट कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत इंजिनांच्या क्रँकशाफ्टचे घांसणारे भाग तेवढे याच रीतीनें कठीण करण्याची पद्धति प्रचारांत आणली. आज या रीतीला इंडक्शन हार्डनिंग म्हणतात.

यांत महत्त्वाची गोष्ट वेळेची. एक पिन तापावयास कांहीं सेकंद, निवावयास कांहीं सेकंद, उचलून ठेवावयास कांहीं सेकंद. रांगेच्या दीड मिनिटांत हें सगळें बसतें आणि वर अवकाश उरतो. तेथेंच पुढें सरकत्या पट्ट्याची लहानशी भट्टी ठेवून १८० अंशांवर दीड तास टेंपरिंग केलें, तर तिच्या पोटांत ६० पिना राहतात, २४० नव्हे. आणि फवारा व टेंपरिंग यांच्यामध्यें गुरुवार शिरण्यास जागाच राहत नाहीं. लोहाराची जुनी रीत विजेच्या रूपानें परत आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

दुसऱ्या रविवारीं आम्ही, म्हणजे दादा, मी आणि पुतण्या, घड्याळ व वही घेऊन कारखान्यांत गेलों. तेथें उभें राहिल्यावर कागदावर न दिसलेल्या आणखी तीन गोष्टी दिसल्या. त्या येथें नमूद करतों, कारण अशा प्रसंगीं यंत्राच्या किंमतीकडे सगळे पाहतात आणि यांच्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं.

पहिली गोष्ट स्वच्छतेची. लेथवरून आलेल्या पिनेला कूलंट आणि कीस चिकटलेला असतो. वेगळ्या भट्टीवाल्याकडे ती धुतली जात असे, म्हणून आमच्या लक्षांत कधीं आलें नाहीं. भट्टी रांगेंत आणावयाची तर धुण्याची जागाही रांगेंत आणावी लागते: तापविण्यापूर्वीं एकदां आणि ग्राइंडिंगपूर्वीं एकदां.

दुसरी शेजाराची. अखेरचें ग्राइंडिंग मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबानें चालतें. शंभर मिलिमीटर लांबीचें पोलाद एका अंशानें तापलें तर सुमारें ०.००१२ मिलिमीटर वाढतें. दहा अंशांचा फरक पडला कीं ०.०१२, म्हणजे सगळी सवलत उन्हाळ्यानेंच खाल्ली. ज्या जागीं पुतण्यानें भट्टीची खूण केली होती, तिच्यापासून ग्राइंडिंगचें यंत्र पांच पावलांवर होतें. दादांनीं आयुष्यभर शाळेंत गणित शिकविलें. हा हिशेब त्यांनीं तेथेंच तोंडीं केला आणि यंत्राची जागा बदलावयास लावली.

तिसरी गोष्ट पुराव्याची. वळविलेली पिन बरोबर आहे कीं नाहीं हें मापून कळतें. कठीण केलेली पिन आंतून कशी आहे हें डोळ्यांना दिसत नाहीं. प्रत्येक पाळीच्या आरंभीं एक पिन बळी द्यावी लागते: ती कापून, घोटून, सौम्य आम्ल लावून कठीण थराची खोली पाहावयाची. शिवाय प्रत्येक नगाला किती शक्ति आणि किती वेळ मिळाला याची नोंद यंत्रानें ठेवावी, आणि नेमापेक्षां कमीअधिक मिळालेला नग वेगळ्या कुलुपी पेटींत पडावा. ज्या घरानें तीन खेपांचा माल परत घेतला होता, त्याला या पेटीची किंमत समजावून सांगावी लागली नाहीं.

तिसऱ्या रविवारीं निकाल लागला. मोठ्या भट्टीचा विचार सोडून दिला. पिना आणि शाफ्ट यांच्यापुरतें इंडक्शनचें एक यंत्र, धुण्याची दोन टाकीं आणि टेंपरिंगची लहान भट्टी एवढेंच घ्यावयाचें ठरलें. त्याला लागणारें कर्ज कारखान्याच्या यंत्रांच्या तारणावर भागलें. घराचा कागद कपाटांतच राहिला. गिअर पूर्वींप्रमाणेंच बाहेर जातात, परंतु त्यांच्या अटी बदलल्या. प्रत्येक टोपलीबरोबर एक पत्रक जातें. तेलांतून काढल्याची वेळ आणि टेंपरिंगला घातल्याची वेळ त्यावर लिहिलेली असते. दोहोंमध्यें दोन तासांहून अधिक अंतर असलें तर ती टोपली कारखान्यांत घेतली जात नाहीं. बुधवारीं संध्याकाळीं माल पाठविणें तर बंदच केलें आहे.

येथवर वाचून सगळें सुरळीत झालें असें कोणास वाटेल, तर तें खरें नव्हे. पहिल्या दोन महिन्यांत शाफ्टच्या तेलाच्या भोंकाशीं चिरा जाऊं लागल्या. पुतण्या रात्रीं जेवावयाचाही विसरला. इंडक्शनमध्यें भोंकांच्या आणि खांचांच्या कडा बाकीच्या पृष्ठभागापेक्षां अधिक तापतात, हा त्या पद्धतीचा ठाऊक असलेला दोष आहे. शेवटीं भोंकांच्या कडा आधींच्या यंत्रावर थोड्या गोल करून घेतल्या, तापवितांना भोंकांत तांब्याच्या लहान खुंट्या बसविल्या आणि आंच थोडी उतरविली, तेव्हां चिरा थांबल्या. दोष सांपडावयास तीन दिवस लागले, हें मला महत्त्वाचें वाटतें. कारण चिरलेला पहिला शाफ्ट दिसला त्या वेळीं त्याच्या मागें फक्त साठ होते, आणि ते कोणते हें सर्वांना ठाऊक होतें. पूर्वीं हाच दोष कळावयास पंधरा दिवस लागले असते आणि तोंवर माल कोठेंकोठें पसरला असता.

आणखी एक फरक पुतण्यानेंच मला सांगितला. पूर्वीं चिरलेला नग सांपडला कीं लेथवरचा कारागीर म्हणे, भट्टीवाल्याचा दोष. भट्टीवाला म्हणे, पोलादाचा दोष. आणि पोलादवाला हंसून गप्प बसे. आतां लेथवरचा माणूस आणि इंडक्शनचें यंत्र चालविणारा माणूस एकमेकांच्या हांकेच्या अंतरावर उभे असतात. भोंकाची कड गोल नसली तर दुसरा पहिल्याला तेथल्या तेथें हांक मारतो. "काका," तो म्हणाला, "यंत्र घेतलें तेव्हां मला वाटलें होतें कीं आपली काळजी कमी होईल. ती वाढली आहे. पण आतां ती कशाची आहे हें रोज संध्याकाळीं कळतें."

यंत्रांच्या धंद्यांत असलेल्या तरुणांना माझें सांगणें एवढेंच कीं, बाहेर होणारें एखादें काम घरांत आणण्यापूर्वीं त्याला लागणारा वेळ आणि आपल्या रांगेचा वेळ शेजारीं शेजारीं लिहून एकास दुसऱ्यानें भागून पाहावें. उत्तर लहान आलें तर धीर करावा. मोठें आलें तर त्या कामाचा स्वभाव मुरण्याचा आहे असें समजावें. त्याला त्याचा वेळ द्यावा आणि आपण पत्रकाची शिस्त ठेवावी. आणि त्यांच्या घरच्या वडील मंडळींना विनंती अशी कीं, कागदावर सही मागावयास आलेल्या मुलाला नुसतें हो किंवा नाहीं म्हणून परत पाठवूं नये. घड्याळ घेऊन एकदां त्याच्या कारखान्यांत जाऊन उभें राहावें.

यंदाच्या दिवाळींत पुतण्यानें आत्याबाईंना कारखाना दाखविण्यास नेलें होतें. वेटोळ्यांतली पिन पाहतां पाहतां लाल झाली, फवाऱ्याखालीं काळी पडली आणि पट्ट्यावरून पुढें सरकली. आत्याबाईंनीं दहा-बारा पिना होईपर्यंत तें पाहिलें. घरीं आल्यावर दादांनीं विचारलें, "कसें काय वाटलें?" त्या म्हणाल्या, "आपल्या गांवचा लोहार असता तर त्याला यांतलें सगळें कळलें असतें. फक्त रंग पाहावयास मिळत नाहींत म्हणून तो थोडा हळहळला असता."